‘अचानक’समोरचा शब्द

माझ्या जाऊबाईंना राग येत नाही, ही आमच्या घरातली जुनी अडचण आहे. घरातला सगळा राग माझ्याच वाट्याला आलेला. गॅसवाल्यानं रिकामं सिलिंडर गळ्यात मारावं, शेजारणीनं गच्चीवरची आमची दोरी बळकवावी, आणि मी पदर खोचून निघावं, की मागून जाऊबाईंचं “जाऊ दे गं” आलंच म्हणून समजा. सत्तावीस वर्षं असंच चाललेलं. म्हणून त्या बुधवारी दुपारी कारखान्याच्या वरच्या मजल्यावरून, मॅनेजर साहेबांच्या खोलीतून बाईमाणसाचा चढा आवाज आला, तेव्हा मी हजेरीच्या खिडकीतून मान बाहेर काढून कोण ओरडतंय ते बघितलं. जाऊबाई असतील असं स्वप्नातही वाटलं नाही.

आम्ही दोघी एकाच घरात सुना म्हणून आलो आणि एकाच कारखान्यात चिकटलो. कारखाना फरशांचा. मालक समुद्रापलीकडचे, स्पॅनिश बोलणारे, आणि यंत्रंही त्यांच्याकडूनच आलेली. मी फाटकाशी हजेरीच्या खिडकीवर असते. पाळी सुटली की कामगार आपापली नोंद करतात, पाळीची वही माझ्याकडे ठेवतात आणि घरी जातात. जाऊबाई वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या टेबलावर बसतात. मालकांकडे जाणारा आणि तिकडून येणारा प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जातो. कारखान्यात त्यांना नावानं कुणी ओळखत नाही, सगळे दुभाषीबाई म्हणतात.

स्पॅनिश त्या कुठल्या वर्गात शिकल्या नाहीत. यंत्रं बसवायला एक इंजिनिअर आला होता, तो अकरा महिने राहिला, सोबत बायको. जाऊबाई तेव्हा भांडारात सुट्या भागांना चिठ्ठ्या लावायच्या. त्या परदेशी बाईला दिवसभर बोलायला माणूस नव्हतं आणि यांना खोक्यांवर काय लिहिलंय ते समजत नव्हतं. दोघींची गरज जुळली. ती बाई अर्थ सांगायची नाही, प्रसंग सांगायची, हातवारे करून, नाटक करून. जाऊबाई तो प्रसंग वहीत उतरवायच्या आणि पुढे शब्द लिहायच्या.

त्या वहीत आपल्या ‘अचानक’ला अख्खं एक पान दिलेलं होतं. ताटं वाढून झाली आणि नणंद बॅग घेऊन दारात उभी: इनएस्पेरादो, कुणी वाट बघत नव्हतं पण आली. कपाट सरकवलं तर मागची भिंत ओलीनं खाल्लेली, तिच्या दुरुस्तीचा विचारच कुणी केला नव्हता: इम्प्रेविस्तो. इस्त्री फिरवता फिरवता दिवे गेले, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच: रेपेन्तीनो. दवाखान्याच्या रांगेत शाळेतली मैत्रीण भेटली, निव्वळ योगायोग, त्यात कुणाचा हात नाही आणि कुणाला आधी कळायची सोयही नाही: फोर्तुइतो.

“एवढे चोचले कशाला?” मी म्हणायचे. “आपल्याकडे दिवेही अचानक जातात आणि नणंदही अचानक येते.”

“नणंद अचानक येत नाही गं,” त्या शांतपणे म्हणायच्या. “आधी दोन दिवस तिचा फोन उचलला जात नसतो. आपण लक्ष देत नाही.”

असं असलं तरी कामाला मात्र त्या चोख. कारखान्यात कुणाला इजा झाली की एक छापील अर्ज भरून मालकांकडे जातो, स्पॅनिशमध्ये. ज्याला लागलं त्याची सही त्यावर लागते. आता ज्या कागदातलं अक्षर कळत नाही त्यावर माणूस सही कसा करणार? म्हणून जाऊबाईंनी स्वतःहून एक रीत घालून घेतली होती. त्या कागद घेऊन माणसाकडे जायच्या, घरी असो की दवाखान्यात, आणि कागदात काय लिहिलंय ते त्याला मराठीत वाचून दाखवायच्या. तो हो म्हणाला तरच सही. याला त्या उलटवाचन म्हणायच्या. हे करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि केल्याबद्दल कुणी शाबासकीही दिली नव्हती.

त्या मंगळवारी सकाळी चार नंबरच्या प्रेसवर माणूस जखमी झाला.

प्रेस म्हणजे ओल्या मातीची भुकटी साच्यात दाबून कच्ची फरशी काढणारं यंत्र. पुढे जाळीचं दार असतं. दार उघडलं की एक खटका पडतो आणि प्रेस जागच्या जागी थांबतो, म्हणजे आत हात घालून साचा साफ करता येतो. चार नंबरचा खटका बिघडला होता. दार बंद असलं तरी तो पडायचा आणि प्रेस मधेच थांबायचा. माल कमी निघायला लागला. मग वरून तोंडी हुकूम आला आणि फिटरनं खटका तारेनं करकचून बांधून टाकला. आता दार उघडं असो की बंद, यंत्राला ते बंदच वाटणार. त्या प्रेसवर एक चाळिशीचा, अबोल माणूस होता, अठरा वर्षं प्रेसच चालवणारा. त्यानं पाळीच्या वहीत तीनदा लिहून दिलं, खटका बांधलेला आहे, धोका आहे. चौथ्यांदा लिहायच्या आधीच साच्यात तुटकी फरशी अडकली, त्यानं हात घातला आणि प्रेस खाली आला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

रुग्णवाहिका माझ्या खिडकीसमोरून गेली. मागोमाग त्याचा धाकटा भाऊ पळत गेला, तोही इथलाच, तीन नंबरवरचा. आणि अर्ध्या तासानं साहेबांचा निरोप माझ्याकडे आला: शुक्रवारच्या दुसऱ्या पाळीला चार नंबरवर धाकट्याचं नाव टाका. भावाची बोटं अजून सापडली नव्हती आणि यांनी त्याची जागा भरली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हजेरीच्या खिडकीला कोण विचारतो.

साहेबांना एवढी खात्री होती ती त्या अर्जातल्या एका रकान्यामुळे. ‘घटनेचं स्वरूप’ असा रकाना आहे आणि त्यात एकच विशेषण लिहायचं असतं. तिथे फोर्तुइतो किंवा ‘आधी कुणाला ठाऊक नव्हतं’ अशा अर्थाचं काही लिहिलं, की मालकांच्या लेखी तो योगायोग, कुणाचीच चूक नाही, फाइल बंद आणि तिसऱ्या दिवशी यंत्र चालू. दुसरं काहीही लिहिलं, की चौकशी, आणि चौकशी होईतो यंत्राला हात लावायचा नाही. हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. आणि कोणता शब्द पडणार हेही ठाऊक होतं, कारण त्यासाठी शब्दयादी होती.

ती यादी एकोणीस वर्षांपूर्वीची. मालकांनी फर्मान काढलं होतं की कारखान्यातल्या नेहमीच्या शब्दांना ठरलेला एकेकच स्पॅनिश शब्द वापरायचा, रोज नवे शब्द नकोत. तीनशे चाळीस शब्दांची यादी झाली, मंजूर झाली, शिक्का बसला. त्यात ‘अचानक’समोर फोर्तुइतो होतं. तेव्हापासून अपघाताच्या कागदात अचानक आलं, की समोर फोर्तुइतो पडायचं. आणि अपघाताच्या कागदात अचानक नाही असं कधी होतं? जखमी माणूस पहिला शब्द तोच बोलतो.

साहेबांनी मंगळवारी संध्याकाळी जाऊबाईंना मराठी मजकूर दिला, तीन ओळींचा. साचा साफ करताना प्रेस अचानक खाली आला, उजव्या हाताची तीन बोटं गेली, उपचार चालू आहेत. बास. प्रेसवाल्याचा पूर्ण जबाब पानभर होता, तो कपाटात गेला. जाऊबाईंनी तीन ओळींचं स्पॅनिश केलं, यादीप्रमाणे रकाना भरला आणि बुधवारी सकाळी दवाखान्यात गेल्या. निघताना मराठीचा कागद मागितला तर साहेब म्हणाले, “तो राहू दे इथंच. अर्ज आहे ना तुमच्याकडे?”

इतकी वर्षं काय व्हायचं, तर यांच्या हातात दोन्ही कागद असायचे आणि वाचून दाखवताना डोळे आपोआप मराठीवर जायचे. माणूस ‘अचानक’ बोललेला असायचा, यांच्या तोंडून ‘अचानक’च यायचं आणि तो मान हलवून सही करायचा. म्हणजे उलटवाचन म्हणून जे चालायचं ते उलटवाचन नव्हतंच. त्या बुधवारी पहिल्यांदाच यांच्या हातात फक्त स्पॅनिश होतं, आणि त्याचं मराठी तिथल्या तिथे करावं लागलं.

पुढचं मला त्यांनी स्वतः सांगितलं. प्रेसवाला खाटेवर टेकून बसला होता, हात मोठ्या पांढऱ्या गाठोड्यात. शेजारी बायको. जाऊबाई वाचत गेल्या आणि रकान्यापाशी आल्यावर सवयीनं शब्दाचा प्रसंग आठवून म्हणाल्या, “आणि घटना कशी, तर योगायोगानं घडलेली. कुणाला आधी कळणं शक्य नव्हतं अशी.”

प्रेसवाल्यानं मान वर केली. “काय म्हणालात?”

त्यांनी पुन्हा वाचलं.

“बाई, मी तीनदा लिहून दिलंय,” तो म्हणाला. “कळणं शक्य नव्हतं कसं? मला कळलं होतं. फिटरला कळलं होतं. तार बांधा म्हणाला त्याला कळलं होतं.”

“पण तुम्हीच अचानक म्हणालात ना?”

“म्हणालो! अचानकच आला की तो खाली. हात मागं घ्यायला उसंत दिली नाही. म्हणून काय तो योगायोग झाला?” त्याचा आवाज चढला आणि बायकोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिला म्हणाला, “योगायोग म्हटलं की यंत्र सुटलं, साहेब सुटला. मग उरतो कोण? मीच. उद्या सगळे म्हणतील यानंच हलगर्जीपणा केला. आणि परवा तिथं माझा भाऊ उभा राहणार आहे, त्याच तारेसमोर.”

त्यानं सही केली नाही. डाव्या हाताचा अंगठाही दिला नाही. जाऊबाई कागद घेऊन बसनं परत आल्या, जिना चढून थेट साहेबांच्या खोलीत गेल्या, आणि मग मला तो आवाज ऐकू आला.

मी हजेरीची खिडकी लावून घेतली आणि वर गेले. नियमात बसत नाही, माहीत आहे. दार किलकिलं होतं.

“यादी तुमचीच आहे, बाई,” साहेब म्हणत होते. “तुमच्याच अक्षरात. मी तर तेव्हा इथे नव्हतोही.”

“माझी आहे. चुकलेली आहे.”

“एकोणीस वर्षं बरोबर होती, आज चुकली?”

“एकोणीस वर्षं चुकलेली होती. आज कळली.”

साहेब सरळ भांडत नाहीत. ते समजुतीच्या सुरात बोलतात, त्याचाच मला जास्त राग येतो. ते खुर्चीत पुढे सरकले आणि मोबाइलवर स्पॅनिश शब्द शोधत बाजारात भाव करावा तसा शब्दाचा भाव करायला लागले. फोर्तुइतो नको ना? ठीक. मग इम्प्रेविस्तो लिहा. जाऊबाई म्हणाल्या, इम्प्रेविस्तो म्हणजे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं ते, आणि हे तर वहीत तीनदा लिहिलेलं आहे. बरं, मग इनएस्पेरादो? इनएस्पेरादो म्हणजे अपेक्षा नसताना, आणि तो माणूस महिनाभर रोज हेच होणार म्हणून धास्तावून उभा होता. साहेबांनी हात पसरले. “एका विशेषणानं काय आभाळ कोसळणार आहे का? माणसाची बोटं तर परत येत नाहीत.”

“दुसऱ्याची जाणार आहेत,” जाऊबाई म्हणाल्या, आणि हे त्या ओरडून म्हणाल्या. खालच्या भट्टीपर्यंत गेलं असेल.

साहेबांचा समजुतीचा सूर संपला. उद्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी, परवा सकाळी नऊला सही झालेला अर्ज टेबलावर हवा, नाहीतर कॉम्प्युटरकडून भाषांतर करून घेऊ आणि दुभाष्याची जागा लागणार नाही असं वर कळवू, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे धमकीच, फक्त ‘कृपया’ लावून.

घरी आल्यावर जाऊबाई जेवल्या नाहीत. गुरुवारी सकाळी न्याहारी आवरली तशी त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढायला लावली. आमच्या ह्यांनी ती उतरवून जेवणाच्या टेबलावर ठेवली. आत एकोणीस वर्षांच्या अर्जांच्या कार्बनप्रती होत्या, प्रत्येकीला माणसाचा मूळ जबाब टाचणीनं लावलेला. पूर्वीचे साहेब जबाब अख्खाच देत, कापून तीन ओळी करायची अक्कल या साहेबांची.

“तू जबाब वाच,” त्या मला म्हणाल्या. “मी रकाना बघते.”

एकसष्ट कागद होते. मी वाचत गेले. पट्ट्याचं आवरण आठवडाभर काढून ठेवलं होतं, अचानक बाही ओढली गेली. भट्टीजवळचा पंखा आवाज करत होता हे सांगितलं होतं, अचानक पातं सुटलं. लिफ्टची साखळी गंजलेली सगळ्यांनी बघितली होती, अचानक तुटली. जवळजवळ प्रत्येक जबाबाच्या पहिल्या ओळीत कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं होतं, आणि पुढे अचानक आलं होतं. आणि प्रत्येक रकान्यात फोर्तुइतो, फोर्तुइतो, फोर्तुइतो, जाऊबाईंच्या सुबक अक्षरात. खरोखर योगायोग म्हणावेत असे दोन निघाले. एकदा खिडकीतून शिरलेलं पाखरू एकाच्या डोळ्यावर आदळलं होतं, आणि एकदा रस्त्यावरच्या ट्रकचं चाक निखळून फाटकातून आत आलं होतं. बाकी एकोणसाठ.

मला त्यांचा राग आला. लपवून काय करू? “जाऊबाई, तुमच्या वहीत तर चारही शब्द धडधडीत लिहिलेले होते,” मी म्हणाले. “नणंदेला वेगळा आणि दिव्याला वेगळा शब्द लावत होतात तुम्ही. आणि माणसाचे हातपाय तुटले तिथं एकच ठोकळा?”

त्यांनी पेटीच्या तळातून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला. यादी करताना मालकांनी नमुना म्हणून एक भरलेला अर्ज पाठवला होता, तो. त्यातल्या रकान्यात फोर्तुइतो छापलेलं होतं. जाऊबाई तेव्हा दुभाष्याच्या टेबलावर नव्या, चार महिन्यांच्या. छापील आहे म्हणजे कचेरीची रीत अशीच असणार, आपल्या वहीतलं घरगुती, असं म्हणून त्यांनी तो शब्द उचलला आणि ‘अचानक’समोर लिहून टाकला. नमुन्यातला बाकीचा मजकूर त्यांनी तेव्हा वाचलाच नव्हता. आता वाचून दाखवला. कुठल्याशा कारखान्याच्या धुराड्यावर वीज पडली होती.

“विजेचा शब्द मी माणसांना लावला,” त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. “आणि वर त्यांना वाचूनही दाखवला. विश्वासानं सह्या केल्या गं त्यांनी.”

माझा राग कुठे तरी कामाला लावायला हवा होता. पाळीची वही माझ्याच कपाटात असते. मी चप्पल घातली, सुट्टीच्या दिवशी पहारेकऱ्याला “चष्मा विसरले” असं धडधडीत खोटं सांगून आत गेले, आणि प्रेसवाल्यानं लिहिलेली तिन्ही पानं झेरॉक्स करून घेऊन आले. तिन्हीवर तारीख होती आणि खाली ‘पाहिले’ अशी सही होती. सही साहेबांची.

शुक्रवारी आम्ही सातलाच निघालो आणि आधी दवाखाना गाठला. जाऊबाईंनी नवा अर्ज रात्रीच्या ऐवजी दुपारी उजेडात, चारदा तपासून लिहिला होता. रकान्यात रेपेन्तीनो. हात मागं घ्यायला उसंत न देता घडलेलं, एवढंच. कुणाला ठाऊक होतं, कुणाला नव्हतं, याबद्दल तो शब्द अवाक्षर बोलत नाही. ते बोलायला त्यांनी खाली वेगळी ओळ घातली होती: जखमी कामगारानं या तारखांना, या पानांवर, तीनदा कळवलं होतं. त्यांनी अर्ज स्पॅनिशमधून शब्द न् शब्द मराठीत आणून प्रेसवाल्याला वाचून दाखवला. मराठीचा कागद जवळ नव्हताच, मुद्दामच. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “हां. हे माझं आहे.” आणि डाव्या हातानं, वेडीवाकडी, पण सही केली.

नऊला अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला. पण त्याआधी साडेआठलाच तो ईमेलनं मालकांकडे पोचला होता, तिन्ही पानांसकट, आणि सोबत जाऊबाईंचं पत्र: यादीतला अमुक शब्द चुकीचा आहे, तो मी लिहिला, एकोणसाठ अर्जांत त्यामुळे खोटं गेलं आहे, त्यांची यादी जोडली आहे. कागद पाठवायचं कामच त्यांचं. साहेबांना स्पॅनिशमधलं ‘नमस्कार’सुद्धा येत नव्हतं, ते कधी मधे पडलेच नव्हते.

साहेब काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाही. जाऊबाई ऐकून घेऊन आपल्या टेबलावर येऊन बसल्या.

दुसरी पाळी अडीचला लागते. सव्वादोनला धाकटा भाऊ माझ्या खिडकीशी आला. हातमोजे घातलेले, चेहरा उतरलेला. “लिहा वहिनी, चार नंबर,” तो म्हणाला. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं, पुन्हा उचललं. जेवणाचा डबा उघडला, बंद केला. त्याला म्हटलं, जरा थांब, पेनात शाई नाही. तो माझ्या हातातल्या बॉलपेनकडे बघत राहिला. “लिहा ना, साहेब ओरडतील,” म्हणाला. मी म्हटलं, ओरडू देत, त्यांना दुसरं येतंय काय?

दोन पंचवीसला जाऊबाई जिन्यावरून खाली आल्या, हातात छापून काढलेला कागद. उत्तर आलं होतं. चार नंबर बंद ठेवा. असा खटका असलेले सगळे प्रेस बंद ठेवा. आमचा माणूस सोमवारी निघतो आहे. धाकट्यानं हातमोजे काढले आणि तिथंच पायरीवर बसला.

यानंतर सगळं सुतासारखं सरळ झालं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं कारखान्यात नोकरी केलेली नाही. खटके बदलले, हे खरं. नवी शब्दयादी आली, तिच्यात ‘अचानक’समोर चारही शब्द आणि प्रत्येकापुढे खुलासा, हेही खरं. पण यादीच्या पहिल्या पानावर, त्रुटी वेळेवर निदर्शनास आणल्याबद्दल आभार मानले होते, ते साहेबांचे! साहेबांनी तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावला. जाऊबाईंचं टेबल मात्र जागा अपुरी पडते म्हणून खाली भांडारात, खोक्यांमध्ये हलवलं. आणि एकोणसाठ जुन्या फाइलींबद्दल मालकांनी एका ओळीत कळवलं की बंद प्रकरणं उघडता येत नाहीत. मी ही ओळ ऐकून आठवडाभर घरात भांडी आपटली. जाऊबाई म्हणाल्या, “त्यांना उघडता येत नसतील.”

पुढच्या गुरुवारपासून त्यांनी पेटीतले कागद पिशवीत घालून बाहेर पडायला सुरुवात केली. एका सुट्टीला दोन घरं, जमली तर तीन. मी सोबत जाते. कुणी घर सोडून गेलंय, कुणी जगातूनच गेलंय. जाऊबाई दारात उभ्या राहून आधी सांगतात की मी दुभाषीबाई, तुमच्या कागदात मी चुकीचा शब्द लिहिला होता, तो सांगायला आले. मग अर्ज जसा गेला तसा वाचतात, आणि त्यानंतर त्या माणसाचा मूळ जबाब. काही जण बसा म्हणतात, काही जण हाकलून देतात.

परवा गेलो ते एका चकाकीवाल्याचं घर. फरशीवर चकाकीचा थर चढवतात त्या विभागात होता, नऊ वर्षांपूर्वी मचाणावरून पडला, पाय कायमचा अधू झाला. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. बायको मशीनवरून उठलीच नाही, पाय तेवढा थांबवला. जाऊबाईंनी अर्ज वाचला आणि मग जबाब: मचाणाचा कठडा महिनाभर सुटलेला होता, मी मुकादमाला दोनदा सांगितलं, काल टेकलो तर अचानक निघून आला.

बाईनं हातातलं कापड खाली ठेवलं.

“हे केव्हा लिहिलंय?”

“पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यांनी सांगितलं तसं.”

“ते मला असंच सांगायचे,” ती म्हणाली. “कठडा सुटलेला होता, मी सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. मी म्हणायचे, कुणाचीच चूक नाही असं कारखान्यानं कळवलंय, कारखान्याचा कागद खोटं कशाला बोलेल? तुमचंच लक्ष नसणार. नऊ वर्षं म्हणतेय. लेकीच्या लग्नात चार माणसांसमोर म्हटलं.” मग ती एकदम जाऊबाईंवर उसळली. “आणि तुम्ही आज येताय? नऊ वर्षं कुठं होतात तुम्ही?”

जाऊबाई म्हणाल्या, “मी त्याच टेबलावर होते. चूक माझी आहे.”

आतल्या दाराचा पडदा हलला. तो काठी टेकत उंबऱ्यात येऊन उभा होता, केव्हापासून कोण जाणे. त्यानं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बायकोकडे बघत होता.

“मी सांगत होतो,” तो म्हणाला.